दोन गाठी आणि एकच रिपोर्ट: ग्रेड ग्रुप १ प्रोस्टेट कॅन्सरमधल्या प्रथिन-मार्करांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. बायॉप्सीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि निदान लिहायचं, हे माझं रोजचं काम. रुग्ण मला सहसा भेटत नाहीत. माझ्यापर्यंत पोचतात ते त्यांचे ब्लॉक (मेणात बसवलेलं ऊतक), स्लाइड आणि मागणीपत्रावरच्या दोन ओळी. या प्रकरणातले गृहस्थ मात्र मला प्रत्यक्ष भेटले, कारण माझ्या एका आकड्याने त्यांच्या घरादाराची झोप उडवली होती. त्यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

वय ६१. लघवीची काही तक्रार नाही. वडील ६८व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सरने गेले होते, म्हणून मुलीने मागे लागून पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन) तपासून घेतला. तो ६.८ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर आला. सहा आठवड्यांनी पुन्हा केला तर ६.६. बोटाच्या तपासणीत काही लागलं नाही. एमआरआयवर प्रोस्टेटचं आकारमान ३८ घनसेंटिमीटर भरलं. पीएसएला आकारमानाने भागलं की पीएसए घनता मिळते. ती इथे ०.१८ होती, आणि ०.१५च्या पुढे गेली की युरॉलॉजिस्ट सावध होतात. डाव्या बाजूच्या परिघीय भागात ९ मिलिमीटरचा डाग होता, पाय-रॅड्स ४. म्हणजे तिथे दखल घेण्याजोगा कॅन्सर असण्याची शक्यता बरीच.

बायॉप्सीत नेहमीचे १२ कोअर (सुईने काढलेले ऊतकाचे बारीक लांबट तुकडे) आणि त्या डागातून ३, असे एकूण १५ कोअर घेतले. कॅन्सर तिघांत सापडला. उजव्या मधल्या भागातल्या कोअरमध्ये ५ मिलिमीटर, उजव्या खालच्या टोकाकडच्या कोअरमध्ये २, आणि डाव्या डागातून घेतलेल्या तिघांपैकी एकात जेमतेम दीड. तिन्ही ठिकाणी ग्लीसन ३+३=६, म्हणजे ग्रेड ग्रुप १.

डोनाल्ड ग्लीसन यांची १९६६ सालापासूनची ही पद्धत सुट्या पेशी किती बिघडल्या यापेक्षा ग्रंथींची मांडणी किती मोडली ते बघते. २०१४ साली तिच्यावरच १ ते ५ असे ग्रेड ग्रुप बसवले गेले. ग्रुप १ सगळ्यात सौम्य. निव्वळ ग्रुप १ असलेला रोग इतका क्वचित पसरतो, की त्याला कॅन्सर म्हणावं का यावरच तज्ज्ञांमध्ये वाद आहे. खरी अडचण त्या 'निव्वळ' शब्दाची. पंधरा ठिकाणी सुई घालून काढलेलं ऊतक म्हणजे सबंध प्रोस्टेटचा अगदी बारीकसा अंश. न टोचलेल्या भागात काय आहे हे बायॉप्सी सांगत नाही. प्रोस्टेटमध्ये एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या गाठी असणं तर नेहमीचंच.

अडचण

घरच्यांचा प्रश्न सरळ होता: हा वाढणारा आहे की नुसता पडून राहणारा? वडिलांचं शेवटचं दीड वर्ष त्यांनी जवळून पाहिलं होतं. युरॉलॉजिस्टनी मागणीपत्रावर लिहिलं, 'प्रोग्नॉस्टिक मार्कर करावेत.' म्हणजे रोग पुढे कसा वागेल याचा अंदाज देणाऱ्या खुणा. कुठल्या कोअरवर, कशासाठी, आणि उत्तर आल्यावर काय बदलणार, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच होता, आणि तो कुणी घेतलाच नाही.

आमच्याकडे तेव्हा चार प्रथिनांचा संच करायची पद्धत होती. केआय-६७ हे विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींच्या केंद्रकात दिसतं. जर्मनीतल्या कील शहरावरून त्याचं नाव पडलं, १९८३ साली तिथेच त्याची अँटिबॉडी तयार झाली. पीटेन हा पेशीच्या वाढीवरचा ब्रेक आहे. पीआय३के-एकेटी नावाची वाढीची साखळी तो आवरून धरतो. दहाव्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक गळून पडलं की प्रथिनही नाहीसं होतं, आणि साखळी मोकाट सुटते. पी५३ बिघडलं की सहसा केंद्रकात साठतं आणि गडद दिसतं. चौथं ईआरजी. टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या दोन जनुकांची जोडणी २००५ साली सापडली. ज्या गाठीत ती झालेली असते तिच्या पेशींत हे प्रथिन उमटतं.

या चौघांचं वजन सारखं नाही. ईआरजी एकट्याने रोग पुढे जाणार की नाही हे नीट सांगू शकत नाही. पी५३ सौम्य ग्रेडमध्ये बहुतेक वेळा सामान्यच असतं. पीटेन गेलेलं असेल तर बायॉप्सीत ग्रुप १ दिसूनही शस्त्रक्रियेनंतर वरचा ग्रेड निघण्याची शक्यता वाढते, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. केआय-६७चा रोगाच्या वाटचालीशी संबंध आहे हेही खूप ठिकाणी दिसलंय, पण किती टक्क्यांच्या वर धोका समजायचा याचा सर्वमान्य आकडा नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी संच लावला, कारण मागणी आली होती.

कोअर निवडताना मी सवयीने गेले. ज्यात कॅन्सर जास्त तो ब्लॉक घ्यायचा, म्हणजे मोजायला पेशी भरपूर मिळतात. तो उजव्या बाजूचा, ५ मिलिमीटरचा ब्लॉक होता. एमआरआयवरचा डाग डावीकडे होता.

रिपोर्ट गेला तो असा: पीटेन शाबूत, पी५३ सामान्य, ईआरजी पॉझिटिव्ह, केआय-६७ बारा टक्के.

त्या बारा टक्क्यांनी सगळं उलटंपालटं केलं. मुलीने आकडा शोधला, वाचला, आणि संध्याकाळपर्यंत घरात ठरलं की प्रोस्टेट काढूनच टाकायचं. पंधरा दिवसांनंतरची तारीखही मागितली गेली. दुसऱ्या दिवशी युरॉलॉजिस्टचा फोन आला. "बारा टक्के? ग्रेड ग्रुप १ मध्ये?" एवढंच ते म्हणाले आणि थांबले. ग्रुप १ मध्ये केआय-६७ बहुतेक वेळा दोन-चार टक्क्यांत असतं. ग्रेड एक सांगतोय आणि मार्कर भलतंच सांगतोय, ही विसंगती माझ्या डोळ्यांत सहीच्या आधी खुपायला हवी होती.

मी स्लाइड पुन्हा लावली. मोजणी सॉफ्टवेअरने केली होती. तंत्रज्ञाने जिथे तपकिरी ठिपके, म्हणजे केआय-६७ असलेली केंद्रकं, दाट दिसली तिथे चौकट आखली होती, आणि चौकटीतली सगळी केंद्रकं मोजली गेली होती. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात जुनाट सुजेचा पट्टा होता, लिम्फोसाइटनी, म्हणजे सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, भरलेला. त्यातल्या बऱ्याच विभाजनाच्या अवस्थेत. खाली दोन निरोगी ग्रंथी होत्या. त्यांच्या तळाच्या थरातल्या पेशी नव्या पेशी तयार करण्याचं नेहमीचं काम करत होत्या, आणि त्याही तपकिरी. कॅन्सरच्या ग्रंथी मधे, लहान आणि गोल. त्यांची केंद्रकं जवळजवळ सगळी निळी. म्हणजे बारा टक्के वाढ त्या चौकटीत होती खरी, कॅन्सरमध्ये नव्हती.

त्याच ब्लॉकचा ताजा काप घेऊन दुहेरी स्टेन केला, म्हणजे दोन प्रथिनांना दोन रंग दिले: केआय-६७ तपकिरी, आणि कॅन्सरपेशी ओळखू याव्यात म्हणून एएमएसीआर लाल. मग हाताने मोजलं. कॅन्सरची ४८० केंद्रकं, त्यांतली १४ पॉझिटिव्ह. तीन टक्क्यांच्याही किंचित खाली.

समोरचे पर्याय

सुधारित रिपोर्ट देणं हा पर्याय नव्हता, ते कर्तव्य होतं. तो त्याच दिवशी गेला. पण त्यानंतर सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत सगळे एकदम सैल झाले, आणि ते मला खटकलं. केआय-६७ कमी, पीटेन शाबूत, पी५३ सामान्य, म्हणजे सगळं ठीक, असा सूर लागला. तेव्हा रेडिऑलॉजिस्ट बाईंनी एमआरआय पडद्यावर घेतला आणि विचारलं, "हे मार्कर कुठल्या बाजूचे?" उजव्या, मी म्हटलं. त्यांनी काही न बोलता कर्सर डावीकडच्या डागावर नेऊन ठेवला.

तिथून चर्चा खरी सुरू झाली.

थेट शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन: रुग्णाची इच्छा त्या वेळी इकडेच होती. बाजूने बोलायचं तर वडिलांचा इतिहास, ०.१८ घनता आणि पाय-रॅड्स ४. विरोधात, हातात असलेलं निदान अजून ग्रुप १चंच होतं. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत १६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठीने वाटलं होतं. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू देखरेखीत ३.१, शस्त्रक्रियेत २.२ आणि रेडिएशनमध्ये २.९ टक्के, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. दूर पसरलेला रोग मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, शस्त्रक्रियेत ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५. आणि देखरेखीतल्या सुमारे ६१ टक्के पुरुषांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतलेच. हे आकडे आम्ही रुग्णासमोर दोन्ही बाजूंनी ठेवले. घाई केली नाही म्हणून माणूस दगावत नाही असा दिलासा त्यांतून मिळतो, पण डोळे मिटून बसा असं ते सांगत नाहीत. शिवाय त्या चाचणीच्या काळातली देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची. आजच्यासारखी एमआरआय आणि ठरावीक अंतराने बायॉप्सी त्यात नव्हती.

नेहमीची सक्रिय देखरेख: सहा महिन्यांनी पीएसए, वर्षभरात खात्रीची बायॉप्सी. कागदावरच्या निदानाला हेच साजेसं होतं.

बाहेरची तयार चाचणी: बायॉप्सीच्या ऊतकावर आठ प्रथिनं एकत्र मोजून शून्य ते एक असा गुण देणारी चाचणी आहे. तिच्या मागची कल्पना मला आवडते. एकाच प्रोस्टेटमधला सौम्य भाग आणि उग्र भाग दोन्ही तपासून, कुठलाही तुकडा हाती आला तरी भाकीत करू शकतील अशी प्रथिनं त्यासाठी निवडली गेली. आमची नेमकी अडचण तीच होती. पण तिचं भाकीत शस्त्रक्रियेनंतर काय निघेल याचं आहे, माणूस किती जगेल याचं नाही, आणि ०.३३ ते ०.८० या मधल्या पट्ट्यात गुण आला तर निर्णय जिथल्या तिथेच राहतो. आरएनएवर चालणाऱ्या चाचण्याही चर्चेत आल्या. अमेरिकेतल्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीची २०२० सालची मार्गदर्शक सूचना या सगळ्यांबद्दल एकच सांगते: सरसकट करू नका, निकालाने उपचार बदलणार असेल तिथेच करा. बाहेर पाठवायचं तर डाव्या बाजूचं दीड मिलिमीटर ऊतक त्यातच संपलं असतं.

डाव्या कोअरवर मार्कर: म्हणजे योग्य जागी प्रश्न विचारणं. पण त्या ब्लॉकमध्ये उरलं किती होतं?

डाव्या डागाची लवकर पुन्हा बायॉप्सी: युरॉलॉजिस्टचा कल इकडे होता. ९ मिलिमीटरचा डाग, तीन कोअर, आणि कॅन्सर फक्त दीड मिलिमीटर. "सुई कडेने गेली असणार," ते म्हणाले. रुग्ण मात्र पहिल्या बायॉप्सीनंतर तापाने आजारी पडले होते आणि पुन्हा सुई नको म्हणत होते.

काय केलं

आधी मी रुग्णाला आणि मुलीला भेटायला बोलावलं. युरॉलॉजिस्टनी सुचवलं नव्हतं. मला वाटलं म्हणून. मुलीच्या हातात वही होती, तारीखवार सगळं लिहिलेलं. तिने पहिलाच प्रश्न केला, "डॉक्टर, बाबांचे बाराचे तीन कसे झाले?" मी दोन्ही स्लाइड पडद्यावर दाखवल्या. ही कॅन्सरची ग्रंथी, ही निरोगी, हे सुजेचे ठिपके. चूक माझी आहे, मोजणी मी तपासायला हवी होती, असं सांगितलं. तिने पडद्यावरचे लाल कडा असलेले गोल बराच वेळ पाहिले. तिच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे आता काही नाही ना?" यावर हो म्हणणं सोपं होतं, आणि मी ते म्हटलं नाही याचं मला आजही समाधान आहे. उजवीकडचं तुम्हाला सांगितलं, डावीकडचं अजून नीट पाहिलेलं नाही, असं मी म्हणाले.

मग डावा ब्लॉक. निदानाच्या वेळी कापतानाच मधले काही काप न रंगवता ठेवायची आमची पद्धत आहे. चार कोऱ्या स्लाइड होत्या, सात आठवडे जुन्या. ब्लॉक पुन्हा कापायचा का हा प्रश्न होता. मी एक पातळ काप घेऊन नेहमीच्या स्टेनने बघितलं, तर कॅन्सरची जागा जवळजवळ संपलेली होती. म्हणजे असलेल्या चार स्लाइडच शिल्लक. चारी वापरून टाकायच्या नाहीत असं ठरवलं. दोन वापरायच्या, दोन ठेवायच्या. केआय-६७ तिथे करायचं नाही. इतक्या थोड्या पेशींत टक्केवारीला अर्थ नसतो. पीटेन आणि ईआरजी, बस.

जुन्या कापांची एक भीती असते. प्रथिनाची रंग धरायची क्षमता हळूहळू कमी होते, आणि पीटेनच्या बाबतीत आपण नेमकं 'नाही'च शोधत असतो. रंग आला नाही तो प्रथिन नाही म्हणून, की स्लाइड जुनी म्हणून? उत्तर त्याच स्लाइडवर असावं लागतं.

ते होतं. पाच ग्रंथी. भोवतालचा स्ट्रोमा (ग्रंथींना आधार देणारं ऊतक) व्यवस्थित तपकिरी, बारीक रक्तवाहिन्यांच्या आतला थर तपकिरी, अर्ध्या मिलिमीटरवर असलेली निरोगी ग्रंथी गडद तपकिरी. आणि मधोमध त्या पाच ग्रंथी फिकट निळ्या, धुतल्यासारख्या कोऱ्या. पीटेन गेलेलं होतं. दुसऱ्या स्लाइडवर ईआरजी: रक्तवाहिन्यांच्या पेशी, ज्यांत ईआरजी नेहमीच असतं, ठळक पॉझिटिव्ह, कॅन्सरच्या ग्रंथी निगेटिव्ह.

उजवी गाठ ईआरजी पॉझिटिव्ह आणि पीटेन शाबूत. डावी ईआरजी निगेटिव्ह आणि पीटेन गेलेलं. एकाच रोगाचे दोन तुकडे असे दिसत नाहीत. या दोन स्वतंत्र गाठी होत्या, वेगवेगळ्या वाटेने वाढलेल्या, आणि आम्ही एकीचा रिपोर्ट दुसरीला लावून निर्धास्त व्हायला निघालो होतो. त्यातही ईआरजी निगेटिव्ह गाठीत पीटेन जाणं अधिक काळजीचं, असं मोठ्या पाठपुराव्याच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. ईआरजीने भाकीत केलं नाही, पण कोण कोणाचं हे ओळखून दिलं.

माझं मत सांगायच्या आधी मी स्लाइड सहकाऱ्याला दिली, कोणाची आणि कशासाठी हे न सांगता. त्यांनीही पीटेन गेलेलं असंच वाचलं. जनुक खरंच गळालंय का हे फिश तपासणीने, म्हणजे जनुकाला चमकणारी खूण लावून, पक्कं करता आलं असतं. त्यासाठी उरलेल्या दोन स्लाइडपैकी एक खर्चावी लागली असती. ठेवली.

इथला निर्णय सगळ्यात नाजूक होता. पाच ग्रंथींच्या रंगावरून शस्त्रक्रिया करायची नाही यावर आमचं एकमत होतं. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलंही: डाव्या कोअरमध्ये पीटेनचा अभाव, हा निष्कर्ष ऊतक अपुरं असल्याच्या शक्यतेकडे बोट दाखवतो, उपचार एकट्या या निष्कर्षावर ठरवू नयेत. त्याचा उपयोग एवढाच केला, की वर्षाच्या आत करायची बायॉप्सी पुढे ओढून पहिल्या बायॉप्सीनंतर तीन महिन्यांवर आणली. एमआरआय पुन्हा केला. या वेळी वृषणकोशाच्या आणि गुदद्वाराच्या मधल्या त्वचेतून सुई घातली, जेणेकरून जंतुसंसर्गाचा धोका कमी व्हावा. ते कळल्यावर रुग्ण राजी झाले. डागातून पाच कोअर आणि डागाच्या कडेने चार घेतले.

डागातल्या पाचपैकी चार कोअरमध्ये कॅन्सर. ३+४=७, ग्रेड ग्रुप २, चौथ्या, म्हणजे ग्रंथी जास्त मोडलेल्या पॅटर्नचा भाग १५ टक्के. एका कोअरमध्ये चाळणीसारखी छिद्रं असलेली, म्हणजे क्रिब्रिफॉर्म रचना. तिच्यामुळे देखरेखीचा पर्याय मागे पडतो. पीटेन तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही पॅटर्नमध्ये गेलेलं.

निष्पत्ती

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही समोर ठेवले. रुग्णाने शस्त्रक्रिया निवडली. उजव्या बाजूची, लैंगिक क्षमतेसाठी लागणाऱ्या मज्जातंतूंची जुडी वाचवता आली, डावीची अर्धवट.

पूर्ण प्रोस्टेट हातात आलं तेव्हा डावीकडे १४ मिलिमीटरची गाठ होती, ग्रेड ग्रुप २, चौथा पॅटर्न २० टक्के, क्रिब्रिफॉर्म भागासह. प्रोस्टेटच्या बाहेर गेलेली नाही, कापलेल्या कडांवर कॅन्सर नाही. उजवीकडे वेगळी, ७ मिलिमीटरची, ग्रेड ग्रुप १. आता ऊतकाची टंचाई नव्हती, म्हणून दोन्ही गाठींवर पुन्हा स्टेन केले. डावीत पीटेन सबंध गाठभर गेलेलं, ईआरजी निगेटिव्ह. उजवीत पीटेन सगळीकडे शाबूत, ईआरजी पॉझिटिव्ह. त्या पाच ग्रंथी खरं सांगत होत्या.

दोन वर्षं झाली. पीएसए मोजता येण्याच्या पातळीखाली आहे. लघवीवर ताबा यायला चार महिने लागले. लैंगिक क्षमता पूर्वीसारखी परतलेली नाही. रुग्ण हे स्वतःहून सांगतात, आणि ते या हिशेबात धरलंच पाहिजे. वडिलांचा इतिहास पाहता बीआरसीए२ आणि सोबतच्या, दोष असला तर कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकांची आनुवंशिक तपासणी नंतर झाली, तीत दोष निघाला नाही.

मार्करने या माणसाचं आयुष्य वाचवलं का? असं मी म्हणू शकत नाही. नेहमीच्या देखरेखीत वर्षभराने बायॉप्सी झाली असती आणि बहुधा हेच निघालं असतं. आठ-नऊ महिन्यांत ही गाठ बाहेर पडली असती असं मानायला आधार नाही. युरॉलॉजिस्ट तर ठामपणे म्हणतात, की एमआरआय आणि बायॉप्सीची विसंगती एवढ्यावरच पुन्हा सुई घालायला हवी होती, पीटेनशिवाय. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या दिवशी बैठकीत ती विसंगती बोलून दाखवायला कारण ठरला तो उजव्या बाजूचा दिलासा देणारा रिपोर्टच. आणि पुन्हा सुई नको म्हणणाऱ्या माणसाला राजी करताना पडद्यावरच्या त्या पाच कोऱ्या ग्रंथींनी जे काम केलं, ते आमच्या बोलण्याने झालं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मागणीपत्र परत पाठवता आलं असतं. 'प्रोग्नॉस्टिक मार्कर करावेत' ही मागणी नाही, ती काळजी आहे. प्रश्न तिच्या मागे दडलेला असतो. आता आमच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवले आहेत: एमआरआयवरचा मुख्य डाग कुठे आहे, आणि निकाल कसा आला तर काय बदलणार. दुसरा रकाना रिकामा आला की मी फोन करते. बऱ्याचदा फोनवरच कळतं की स्टेनची गरज नाही.

कोअरची निवड मी कॅन्सरच्या लांबीवरून केली, ती मुख्य गाठ कुठली यावरून व्हायला हवी होती. दोन बाजूंना कॅन्सर असेल तर दोन्ही बाजूंवर पीटेन आणि ईआरजी, किंवा मग कुठेच नाही. रिपोर्टमध्ये कोअरची जागा मार्करच्या नावाशेजारी, त्याच ओळीत यायला हवी. आमच्या पहिल्या रिपोर्टात ती होती, पण शेवटच्या परिच्छेदात, आणि तिथवर कोणी वाचत नाही.

केआय-६७ आता आम्ही सौम्य ग्रेडमध्ये मागितल्याशिवाय करत नाही. केलं तर किती केंद्रकं मोजली आणि ती कॅन्सरचीच आहेत हे कशावरून, हे आकड्यासोबत लिहितो. शंभराहून कमी पेशी असतील तर टक्केवारी देतच नाही. सॉफ्टवेअरची चौकट आता पॅथॉलॉजिस्ट आखतो, तंत्रज्ञ नाही. आमच्या तंत्रज्ञाने सांगितलेलं काम चोख केलं होतं. काय सोडून द्यायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आनुवंशिक तपासणीचा विषय शस्त्रक्रियेनंतर निघाला, तो वडिलांचा उल्लेख झाला त्या पहिल्या दिवशीच निघायला हवा होता. मुलीच्या वहीत तो प्रश्न पहिल्या पानावर होता. आम्ही ती वही उघडायला सांगितली नव्हती.

एका बाबतीत माझं मन अजून ठरत नाही. डाव्या ब्लॉकच्या त्या दोन कोऱ्या स्लाइड मी राखून ठेवल्या, फिश केलं नाही. फिश केलं असतं आणि जनुक शाबूत निघालं असतं, तर आम्ही पुन्हा सैल पडलो असतो का? पीटेन नाहीसं होण्याच्या सगळ्याच वाटा फिशमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे तसं होऊ शकलं असतं. मोठ्या गाठीवर नंतर फिश करता येईल, ऊतक भरपूर आहे. पण त्या पाच ग्रंथींवर ते काय आलं असतं हे बघायचं असेल, तर स्लाइड आता दोन वर्षं जुन्या झाल्या आहेत. त्या ड्रॉवरमध्ये आहेत.